वास येत नाही म्हणून

रेझिनच्या, म्हणजे साच्यात ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रव प्लॅस्टिकच्या, बाटलीवर ‘वास नाही’ असं ठळक छापलेलं दिसलं की घेणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो आणि माझा टांगणीला लागतो. बनवणारे खोटं बोलतात असं नाही. वास खरंच येत नाही, किंवा इतका कमी येतो की तक्रारीला जागा राहत नाही. भानगड त्याच्या पुढे होते. वास नाही म्हणजे हवेत काही नाही, हवेत काही नाही म्हणजे खिडकी कशाला उघडायची, आणि खिडकीही लागत नसेल तर झोपायच्या खोलीतलं टेबल काय वाईट? असं आपण एकेक पायरी उतरत जातो. बाटलीवर यातलं फक्त पहिलं वाक्य लिहिलेलं असतं, बाकीची आपली.

नाकाला दोष देण्यात अर्थ नाही. धूर, सडकं-कुजकं असल्या गोष्टी ओळखायला ते पिढ्यान् पिढ्या तयार झालं. गेल्या शंभरेक वर्षांत प्रयोगशाळेत जन्मलेल्या रेणूंशी त्याची ओळख कधी व्हायची? काही रेणू त्याला चटकन कळतात, काही जवळजवळ कळतच नाहीत, आणि या कळण्या-न कळण्याचा धोक्याशी काडीचा संबंध नाही.

पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन घ्या. हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एक भागसुद्धा नसतो, तेव्हाच नाक त्याला पकडतं. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षेच्या नियमांत, म्हणजे ‘ओशा’च्या नियमांत, आठ तासांच्या पाळीला सरासरी १०० भागांची मर्यादा आहे. तिथल्याच ‘नायॉश’ या संस्थेची शिफारस ५० ची आहे. म्हणजे इथे नाक फार आधीच बोंब ठोकतं. आता पॉलियुरेथेन घ्या. त्याच्या दोन बाटल्यांपैकी एकीत आयसोसायनेट असतं, बहुतेक वेळा एमडीआय नावाचं. त्याची ओशाची मर्यादा दहा लाखांत ०.०२ भाग. तीही सरासरी नव्हे, एकदाही ओलांडायची नाही अशी. आणि एमडीआयचा वास नाकाला येईपर्यंत हवा या मर्यादेच्या कितीतरी पट पुढे गेलेली असते. ज्याच्या दर्पाने डोकं उठतं त्याच्यापासून आपण आपसूक चार हात लांब राहतो. जो गुपचूप येतो त्याला मात्र ‘हे बरंय, वास मारत नाही’ म्हणून घरात घेतो.

त्यात नाक थकतंही. उग्र वासाच्या खोलीत थोडा वेळ बसलं की वास ‘गेला’ असं वाटू लागतं. गेलेला काही नसतो, नाकानेच कळवायचं सोडून दिलेलं असतं. बाहेर चक्कर मारून परत आलं की दारातच तो तोंडावर आदळतो. म्हणून काम चालू असताना ‘आता काही जाणवत नाही’ असं कुणी म्हणालं तर ती साक्ष मी धरत नाही.

छंद म्हणून ओतकाम करणाऱ्यांच्या हातात साधारण चार घराणी येतात: पॉलिएस्टर, इपॉक्सी, पॉलियुरेथेन आणि अतिनील दिव्याखाली घट्ट होणारं यूव्ही रेझिन. चौघांनाही सगळे सरसकट ‘रेझिन’च म्हणतात, आणि तिथेच घोटाळा सुरू होतो. एकाबद्दलचा सल्ला दुसऱ्याला लावला जातो. ‘मी तर वर्षानुवर्षं करतोय, काही झालं नाही’ असं सांगणारा माणूस यातलं कुठलं वापरतो, हे आधी विचारावं.

पॉलिएस्टर सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत वासाचं. त्यातलं स्टायरीन १८३९ साली एडुआर्ड सिमोन नावाच्या बर्लिनच्या औषधविक्रेत्याला सापडलं, तेही एका झाडाच्या सुगंधी डिंकातून. काही काळाने त्यातून निघालेलं ते तेल आपोआप घट्ट झालेलं पाहून त्याला वाटलं, हवेतला ऑक्सिजन लागला असावा. खरं तर त्याच्या डोळ्यांदेखत सुट्या रेणूंची लांब साखळी, म्हणजे पॉलिमर, झाली होती. आजच्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त स्टायरीन असू शकतं. रेझिन पातळ ठेवायचं आणि शेवटी साखळीत गुंफलं जायचं अशी दोन्ही कामं तेच करतं. गुंफलं जाईपर्यंत मात्र ते पृष्ठभागावरून उडत राहतं. त्यामुळे उभ्या अरुंद साच्यापेक्षा पसरट ताटली जास्त वाफ सोडते. २०१८ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने स्टायरीनला ‘मानवात बहुधा कर्ककारक’ या गटात टाकलं. शिवाय ३१ अंशांच्या आसपास त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, म्हणजे उकाड्याच्या दुपारी खोलीच तेवढी तापलेली असते. पॉलिएस्टर घट्ट व्हावं म्हणून त्यात घालायचा उत्प्रेरक, एमईकेपी, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. माझं मत विचाराल तर हवा थेट बाहेर फेकण्याची सोय नसेल त्याने पॉलिएस्टरच्या वाटेला जाऊच नये. मास्कवर भागवण्याची ही गोष्ट नाही.

यूव्ही रेझिनबद्दल थोडक्यात. ॲक्रिलेट आणि मेथाॲक्रिलेट या कुळातले रेणू, त्वचेला ॲलर्जी लावण्यात पटाईत. छोट्या दागिन्यांत एकेक थेंब वापरला जातो म्हणून लोक बिनधास्त असतात. पण दिव्याखाली धरलेल्या तुकड्यावर आपलं नाक वीतभर अंतरावर असतं, हे विसरतात.

इपॉक्सीची गोष्ट नाजूक आहे, कारण त्याचं नाव चांगलं आहे, आणि ते अगदीच फुकाचं नाही. इपॉक्सीच्या मुख्य बाटलीतले रेणू मोठे आणि जड, सहजासहजी हवेत उठत नाहीत. हार्डनरमधली, म्हणजे घट्ट करणाऱ्या दुसऱ्या बाटलीतली, अमाइनं त्या मानाने हलकी. बाटली उघडल्यावर जो मासळीसारखा किंवा अमोनियासारखा वास येतो तो त्यांचा. रेझिन पातळ करायला घातलेले छोटे रेणूही असतात. खोलीच्या तापमानाला, पातळ थरात, बेतशीर काम केलं तर हवेत फार काही जात नाही, हे मान्य. पण ‘बेतशीर’ या शब्दावर सगळं टांगलेलं आहे.

इपॉक्सी घट्ट होताना उष्णता सोडतं. पातळ थरातली उष्णता लगेच निघून जाते. खोल कपात ती अडकते. अडकलेल्या उष्णतेने प्रक्रियेचा वेग वाढतो, वेगाने आणखी उष्णता, असं ते चक्र स्वतःच्याच शेपटीमागे धावत सुटतं. मी एकदा मुद्दाम, मोकळ्या अंगणात, फरशीवर, उरलेलं मिश्रण प्लॅस्टिकच्या कपात तसंच ठेवून लांबून बघत बसले. बराच वेळ काहीच नाही. मग मध्यभागी मध पातळ व्हावा तशी एक हालचाल, कडेला बारीक बुडबुडे. पुढचं सगळं भराभर झालं. रंग पिवळा, मग तपकिरी. कप एका बाजूने मऊ पडून कलला, पृष्ठभागाला तडा गेल्याचा आवाज आला, आणि पांढरा दाट धूर सरळ वर निघाला. अशा वेळी आतलं तापमान १५० अंशांच्या वर सहज जातं. तो धूर म्हणजे बाटलीवरच्या ‘वास नाही’वाल्या द्रवाची नुसती वाफ नव्हे, न जुळलेले आणि उष्णतेने तुटलेले रेणू एकत्र बाहेर पडतात. बंद खोलीत हे झालं असतं तर काय, हा विचार मला तेवढ्या धुरावर पुरला.

तेव्हापासून कालवलेलं मिश्रण मी कपात रेंगाळू देत नाही. लगेच ओतते किंवा पसरट ट्रेमध्ये पसरते. कप हाताला गरम लागू लागला तर तो झाकायचा नाही, कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही. सरळ बाहेर, न जळणाऱ्या जमिनीवर, आणि आपण वारा येतो त्या बाजूला. बुडबुडे घालवायला गॅसचा टॉर्च फिरवणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं, ज्योत एका जागी थांबली की आपण तेच चक्र हाताने सुरू करून देतो.

पण इपॉक्सी आणि पॉलियुरेथेन यांचं खरं दुखणं एका दिवसाच्या धुराचं नसतंच. ते नोंदीचं असतं. शरीराची प्रतिकारयंत्रणा या रेणूंना परका म्हणून एकदा टिपून ठेवते, आणि ती नोंद सहसा पुसली जात नाही. त्याआधी माणूस महिनोन् महिने काम करतो, काही होत नाही. मग एक दिवस मनगटावर पुरळ, पापण्या सुजलेल्या, आणि पुढे कणभर स्पर्शानेही तेच. इपॉक्सीत हे बहुधा त्वचेवर दिसतं. आयसोसायनेटमध्ये ते श्वासनलिकेत उतरतं, म्हणजे दमा. कामाच्या जागी जडणाऱ्या दम्याच्या ठळक कारणांत आयसोसायनेट फार वर्षांपासून मोजलं जातं. पॉलियुरेथेनचं रसायन ऑटो बायर यांनी जर्मनीत १९३७ मध्ये उभं केलं, आणि आज गादीतल्या फोमपासून गाडीच्या रंगापर्यंत ते आहे. पूर्ण घट्ट झाल्यावर ते सहसा निरुपद्रवी. घट्ट होण्याआधीचा वेळ तेवढा महत्त्वाचा.

आयसोसायनेट म्हटलं की भोपाळ आठवणारच. तिथला मिथाइल आयसोसायनेट ३९ अंशांना उकळतो. एमडीआय जड आहे, नेहमीच्या तापमानाला त्याची वाफ अगदी थोडी होते. दोघांना एका मापाने तोलणं चूक आहे. पण शरीरातल्या प्रथिनांना जाऊन चिकटणारं रेणूचं टोक दोघांत एकच. एमडीआय तापवलं किंवा फवारलं की त्याची संथ चाल संपते. आणि उन्हात पिवळ्या न पडणाऱ्या पारदर्शक पॉलियुरेथेनमध्ये वेगळी आयसोसायनेटं असतात, त्यांतली काही एमडीआयपेक्षा सहज उडतात.

युरोपीय संघात २४ ऑगस्ट २०२३ पासून असा नियम आहे की ज्यात ०.१ टक्क्याहून जास्त सुटं डायआयसोसायनेट (एमडीआय याच गटातलं) आहे ते व्यवसायासाठी वापरणाऱ्याने आधी प्रशिक्षण घेतलंच पाहिजे. छंदवाल्यांना हा नियम लागू नाही. कारखान्यातला माणूस शिकून, तपासलेल्या हवेत ते उघडतो, आणि आपण पोटमाळ्यावर, एक चित्रफीत बघून. माझ्या मते हे गणित उलटं असायला हवं होतं.

मग करायचं काय? बहुतेक जण मास्कपासून सुरुवात करतात. मी हवेच्या रस्त्यापासून करते.

रेझिनच्या बाटल्या अजून बंद असतात, तेव्हाच मी एक अगरबत्ती पेटवून साचा ठेवायच्या जागी धरते. (बाटली उघडल्यावर हा उद्योग करायचा नाही, स्टायरीनच्या शेजारी तर नाहीच.) छताचा पंखा चालू असेल तर धूर झोताने खाली दबतो, भिंतींच्या कडेने वर चढतो आणि खोलीभर सारखा पसरतो. ढवळणं झालं, घालवणं नाही. एसीची तीच तऱ्हा: खोलीतली हवा घेतो, गार करतो, परत खोलीतच सोडतो. आता खिडकीत बाहेर तोंड करून पंखा लावला आणि समोरच्या अंगाचं दार किलकिलं केलं की धुराची रेघ आडवी होते, लांब ताणली जाते आणि खिडकीकडे चालू लागते. हे बघताना बरं वाटतं. पंख्याच्या शेजारचंच दुसरं तावदान उघडं राहिलं तर मात्र बाहेरची हवा तिथून आत येऊन तशीच पंख्यातून बाहेर पडते. टेबलावरचा धूर जागच्या जागी घुटमळतो आणि पंख्याचा आवाज ऐकून आपण निर्धास्त.

यातली सगळ्यांत अनपेक्षित गोष्ट मला धुरानेच दाखवली. वारा पाठीमागून यावा आणि समोर निघून जावा, ही मांडणी कुणालाही योग्य वाटेल. पण तसं बसून धूर छातीसमोर धरला तर तो पुढे जात नाही, उलटा वळून चेहऱ्यावर येतो. आपलं शरीर वाऱ्याच्या वाटेत उभं असतं, आणि त्याच्या आडोशाला, म्हणजे नेमकं आपल्या नाकासमोर, हवेचा भोवरा तयार होतो. खुर्ची चौथाई फिरवून वारा एका कुशीकडून दुसऱ्या कुशीकडे जाईल असं बसलं की धूर निमूटपणे बाजूने निघून जातो. फुकटातला एवढा मोठा फायदा दुसऱ्या कशातही नाही.

नळीने ओढून घेणारा एक्झॉस्ट लावणाऱ्यांची एक समजूत असते, की नळीचं तोंड टेबलाच्या आसपास असलं म्हणजे झालं. फुंकलेली हवा लांबवर जाते, ओढलेली हवा तशी लांबून येत नाही. नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाएवढ्या अंतरावर ओढ जेमतेम दहा टक्के उरते. दहा सेंटिमीटर रुंदीची नळी साच्यापासून हातभर अंतरावर असली तर ती शोभेची. ती साच्याच्या कडेला टेकलेली हवी, किंवा सगळं काम तीन बाजूंनी बंद अशा खोक्यात घेऊन खोक्याच्या मागून हवा ओढावी. निर्वात पंपाने बुडबुडे काढणाऱ्यांनी आणखी एक बघावं. पंप वाफ ओढून घेतो, ती नाहीशी करत नाही. ती त्याच्या दुसऱ्या तोंडातून खोलीतच येते. ते तोंड नळीने बाहेर न्यायचं.

ओतून झाल्यावर पंखा लगेच बंद करायचा मोह आवरावा. खोलीच्या घनफळाएवढी हवा एकदा बदलली तरी, सगळी नीट मिसळत असेल असं धरून, आधीच्या वाफेतला ६३ टक्केच भाग जातो. तीनदा बदलल्यावर ९५. आणि हे वाफ सुटायची थांबली असेल तर. ओला साचा ती सोडतच असतो.

आता मास्क. एन-९५ हा कणांसाठी आहे, वाफेसाठी नाही. वाफ त्याच्यातून आरपार जाते आणि वर आपण सुरक्षित आहोत असा गैरसमज देऊन जाते. वाफेला लागतो तो रबरी बैठकीचा रेस्पिरेटर, सेंद्रिय वाफेच्या कार्ट्रिजसह, म्हणजे वाफ गाळणाऱ्या डब्यांसह. अमेरिकी खुणेप्रमाणे त्यावर काळा पट्टा असतो, युरोपीय खुणेप्रमाणे तपकिरी, प्रकार ए. आत सक्रिय कोळसा असतो, त्याच्या एका ग्रॅमला आतून शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग. वाफ त्यावर चिकटते, पण जागा संपते. कार्ट्रिज उघड्यावर टांगून ठेवलं तर ते खोलीतली हवा चाखत बसल्या बसल्या भरतं. म्हणून काम झाल्याबरोबर हवाबंद डब्यात. दाढी असेल तर बैठक त्वचेला बसत नाही; रुबाब आणि रेस्पिरेटर यांतलं एक निवडावं लागतं. दोन्ही कार्ट्रिज तळव्यांनी झाकून श्वास आत ओढावा. मास्क चेहऱ्याला चिकटून आत दबला तर ठीक, कडेने हवा आली तर पट्टे पुन्हा बांधायचे.

कार्ट्रिज संपलं हे कसं कळणार? वास येऊ लागला की, असं सर्रास सांगतात. स्टायरीनला ते एक वेळ चालेल. आयसोसायनेटला नाही, कारण वर सांगितलंच. तिथे वापराचे तास लिहून ठेवायचे आणि उत्पादकाने दिलेल्या मुदतीत बदलायचं. हवा शुद्ध करणाऱ्या घरगुती यंत्रांवर भिस्त ठेवू नये. त्यांचा हेपा फिल्टर कण धरतो, आणि वाफेसाठी असलेला कोळशाचा थर बहुतेक यंत्रांत कागदाएवढा पातळ असतो.

घासकामाच्या वेळी उलट. तेव्हा शत्रू कण असतात, आणि कणांचा मास्क तिथे खऱ्या अर्थाने कामाला येतो. इपॉक्सी दुसऱ्या दिवशी हाताला टणक लागतं, पण आतली जुळणी पूर्ण व्हायला बहुधा आठवडा जातो. त्याआधीची धूळ म्हणजे अर्धकच्चं रेझिन, बारीक दळून थेट छातीत. पाणी लावून घासावं, घाई असली तरी.

आणि वाचायचं ते बाटलीवर नाही. प्रत्येक उत्पादनाचं सुरक्षा माहितीपत्रक असतं, सोळा भागांचं. सगळं वाचायची गरज नाही. दुसऱ्या भागात धोके, तिसऱ्यात घटक, आठव्यात हवा आणि मास्क. दुसऱ्या भागात दोन आकडे शोधायचे. एच ३१७ म्हणजे त्वचेची ॲलर्जी. एच ३३४ म्हणजे श्वासावाटे ॲलर्जी, दमा किंवा श्वासाचा त्रास. तो दुसरा आकडा दिसला की ते रेझिन माझ्या घरच्या टेबलावर येत नाही. ज्यांना आधीच दमा आहे त्यांनी तर ते कुठल्याच टेबलावर घेऊ नये. विक्रेता पत्रक देत नसेल तर मी बाटली परत ठेवते. ‘बिनविषारी’ हा शब्द बहुधा पूर्ण घट्ट झालेल्या वस्तूबद्दल असतो. मी विकत घेते ते द्रव.

शेवटचं, कारण ते बऱ्याचदा चुकतं. आयसोसायनेटचा त्रास कामाच्या टेबलावरच होईल असं नाही. तो काही तासांनी, रात्री येऊ शकतो: कोरडा खोकला, छातीत दडपण, झोपेतून उठवणारी श्वासातली शिट्टी. काम नसलेल्या दिवसांत बरं वाटतं, पुन्हा ओतकाम केलं की परत. हवा बदलली, धूळ झाली, सर्दी असेल असं म्हणत माणूस दिवस काढतो, आणि डॉक्टरांना छंदाबद्दल सांगायचं सुचतच नाही, कारण छंद हा ‘कामा’त धरत नाही कुणी. तसा खोकला सुरू झाला असेल तर ओतकाम थांबवा, ते माहितीपत्रक छापून सोबत न्या आणि कुठल्या दिवशी काय ओतलं, खोकला कधी सुरू झाला, हे तारखांसकट सांगा.